वालीवचे चौकोनी दाणे

१

पडद्यावर अणू उमटले आणि सदानंद सरांचं हसू तोंडावरच वाळलं.

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्याला खेटून त्यांच्या प्रयोगशाळेचा गाळा होता. पुढच्या खोलीत पैसा गुंतवू पाहणारे पुण्याचे पाहुणे बसलेले. चहा झालेला, सामोसे अर्धे खाऊन झालेले. सर आयुष्यभर कॉलेजात शिकवून निवृत्त झाले आणि मग इथे येऊन एका पावडरीच्या मागे लागले. दिसायला मैद्यासारखी, पण तिचा प्रत्येक कण म्हणजे एक जाळी. झिर्कोनियम धातूच्या गाठी, त्यांना जोडणाऱ्या सेंद्रिय कांड्या, आणि मधे रेणूच्या मापाची भोकं. रंगाच्या कारखान्यांतून सुटणारी विषारी वाफ त्या भोकांत अडकून बसायची. अडकते हे सिद्ध झालं होतं. जाळी नेमकी कशी विणली आहे, ते कुणी पाहिलं नव्हतं. कण इतके बारीक की क्ष-किरणांनाही नीट कळेना.

म्हणून नमुना मुंबईच्या एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेला होता. तिथे एकच कण पकडायचा, तो हळूहळू तिरका करत त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत आरपार सोडायचा, आणि पलीकडे उमटणाऱ्या ठिपक्यांच्या नक्षीवरून कुठला अणू कुठे बसलाय ते गणिताने काढायचं. अहवाल सकाळीच आला होता. सरांनी तो पाहुण्यांसमोरच उघडायचं ठरवलं. लग्नात अंतरपाट दूर करतात तसा.

सरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या क्षितिजाने ती रचना बघताक्षणी ओळखली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तिने ती काडेपेटीच्या काड्या चिकटवून बनवली होती. झिओलाइट, ‘ए’ जातीचं. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, सोडियम. झिर्कोनियमचा पत्ता नाही. सरांच्या पदार्थाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

पुण्याच्या पाहुण्यांपैकी एकाने चष्मा वर सरकवला. “सर, हे तर बाजारात गोणीने मिळतं की.”

पाहुणे गेल्यावर सर उठले ते सरळ मागच्या भिंतीपाशी ठेवलेल्या पिशव्यांकडे. नमुना बदलला गेलाय, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आणि नमुना खलून सूक्ष्मदर्शकाच्या चिमुकल्या तांब्याच्या जाळीवर चढवायचं काम दीपेशचं.

“पिशवी उघड.”

दीपेश खाडीकाठच्या गावातला, बी.एस्सी. झालेला, बोलका आणि हसरा. त्याला आधी थट्टाच वाटली. “सर, डब्यात कोलंबीय. वास येईल सगल्यांना.”

“उघड म्हटलं ना!”

शेजारच्या कारखान्यातले दोघेतिघे कामगार दारात थबकले होते. त्यांच्यादेखत पिशवी टेबलावर उलटी झाली. डबा, छत्री, रुमाल आणि एक प्लास्टिकची पुडी. पुडीत खडीसाखरेसारख्या गोळ्या. सरांनी पुडी उजेडात धरली. कपाटातल्या, तुलनेसाठी आणून ठेवलेल्या बाजारी झिओलाइटच्या गोळ्या होत्या त्या.

“जुन्या झाल्या होत्या, फेकनारच होतो,” दीपेश म्हणाला. “आईच्या सुकटीच्या डब्यात टाकायला नेत होतो. दमट होते सुकट.”

दारातला एकजण फिसकन हसला.

तेवढ्यात उन्नती, सगळ्यांत नवीन नोकरीला लागलेली मुलगी, बोलली. “सर, नमुना बनवला त्या दुपारी मी चिमटा आणायला गेले होते. नमुन्याच्या खोलीचं दार आतून बंद. आणि हा बाहेर उभा. मला म्हणाला, आत ॲसिडचं काम चाललंय, जाऊ नको. ॲसिड त्या दिवशी कपाटातून निघालंच नव्हतं.”

“आत कोण होतं?” सरांनी विचारलं.

दीपेशचं हसू मावळलं. तो खाली बघू लागला.

“कुणाला घेतलं होतंस आत? कुठल्या कंपनीचा माणूस?”

तो गप्प.  त्या दुपारी आत क्षितिजा होती. रोज दुपारी असायची. दीपेश बाहेर पहारा देतो, हे तिला आत्ता, या क्षणी कळत होतं. आणि तो चुकूनसुद्धा तिच्याकडे बघत नव्हता.

तीही काही बोलली नाही.

२

बाळंतपणाच्या रजेवरून परत येताना सरांनी तिला समोर बसवून विचारलं होतं, “बाळामुळे कामात खंड नाही ना पडणार? स्पष्ट सांगा. हे काम नाजूक आहे.” आणि ती म्हणाली होती, “नाही सर, बाळ वरच्या दुधावर आहे.”

साफ खोटं. बाळ तिच्याच दुधावर होतं. दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज ओला होईल या भीतीने ती फाइल पोटाशी धरून फिरायची. गाळ्यात कडी लागणारी दोनच दारं, एक संडासाचं आणि एक नमुन्याच्या खोलीचं. संडासात बसून बाळाचं दूध काढायला तिचं मन धजेना. म्हणून ती नमुन्याच्या खोलीत जायची, कडी लावायची, पंप लावून भिंतीकडे तोंड करून बसायची. चोरी केल्यासारखी.

सरांनी चौकशी तिच्याकडेच सोपवली. “तुम्हाला रचनेतलं कळतं. शुक्रवारी पुण्याहून फोन येणार आहे. तोवर मला नाव हवं. नाही मिळालं तर या मुलाचं नाव आहेच, पोलिसांत देतो.” दीपेशला घरी पाठवण्यात आलं. जाताना त्याने खोलीची किल्ली क्षितिजाच्याच हातात ठेवली.

तिने स्वतःशी एक सौदा केला. खरा गुन्हेगार शोधायचा. तो सापडला की दीपेश सुटेल, आणि मग त्या बंद दाराबद्दल कुणी विचारणार नाही. बुद्धीने करता येईल ते काम असताना लाज कशाला वेशीवर टांगायची?

आचोळ्याला घरी पोचली तर बाळाच्या मानेवर, काखेत पुरळ. हातपाय न धुताच तिने सासूबाईंना विचारलं, “आई, पुन्हा ते तेल लावलंत का?”

“नाही गं बाई,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “तू नको म्हणालीस तेव्हापासून बाटलीला हात लावला नाही.”

क्षितिजाला ते खरं वाटलं नाही. तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि कौस्तुभला फोन लावला. कौस्तुभ तिच्या वर्गातला. सूक्ष्मदर्शक तोच चालवायचा.

“तू दाणे निवडलेस कसे?”

“कसे म्हणजे? बघून. जो छान दिसेल तो. मुलगी बघायला गेल्यासारखं.”

“म्हणूनच तुझं अजून जमलेलं नाही.”

“ऐक तर! जाळीवर हजारो कण असतात. त्यातला सुबक, पातळ कडेचा आणि झोताखाली टिकणारा धरायचा. सच्छिद्र कण म्हणजे नखरेल मंडळी, झोत पडला की मान टाकतात. म्हणून थंड करून, झोत कमी ठेवून, भराभर उरकायचं. तुमच्यातले चौकोनी एकदम ठणठणीत होते. नक्षी अशी की फ्रेम करून लावावी.”

“आत काय असायला हवं, हे तुला माहीत नव्हतं?”

“तुमच्या सरांनी कळवलंच नाही. पेटंट फुटेल म्हणाले.”

क्षितिजाने डोळे मिटून घेतले. खरंच होतं ते. सरांनी नमुना पाठवताना चिठ्ठीवर फक्त ‘सच्छिद्र पदार्थ’ एवढंच लिहायला लावलं होतं.

“कौस्तुभ, सगळ्या जाळीचं चित्र आहे ना? मोठं करून बघ. चौकोनी दाण्यांभोवती मातीचे पापुद्रे दिसतात का?”

बाजारी झिओलाइटची गोळी नुसती वळत नाही. तिच्यात बांधायला माती घालतात. गोळी कुटली तर माती येणारच. कौस्तुभने बराच वेळ लावला.

“पापुद्रा एकही नाही. नुसते चौकोन, खललेले तुकडे. आणि कडेला बारीक सुयांचे झुबके आहेत.”

“सुया?”

“हो. मला कचरा वाटला. झोत टाकला तर बघता बघता विरघळल्या.”

क्षितिजा ताठ बसली. बाळ दचकलं. झोताखाली मान टाकणाऱ्या त्या नाजूक सुया म्हणजेच त्यांचा पदार्थ होता.

म्हणजे नमुना कुणी बदलला नव्हताच. तो जाळीवर होता, सगळा वेळ, चौकोनी पाहुण्यांच्या मागे अंग चोरून.

३

“बदलला नाही, मिसळला,” ती दुसऱ्या दिवशी सरांना म्हणाली. “आणि दीपेशच्या पुडीतलं नाही मिसळलं. त्यात माती असती.”

सरांनी क्षणभर विचार केला. “मग शुद्ध पावडर कुणीतरी बाहेरून आणली. आत कोण होतं ते काढा, म्हणजे सगळं निघेल.”

पुन्हा ते दार.

तिने उन्नतीला खोलीत बोलावलं. उन्नती खुर्चीच्या टोकावर बसली. “मॅडम, माझ्यावर डाऊट आहे का? मी फक्त जे पाहिलं ते सांगितलं.”

“खल कशाने धुतात इथे?”

“ॲसिड, मग शुद्ध पाणी. साबण नाही, पावडर नाही. तुम्हीच शिकवलंत.” मग ती म्हणाली, “पुसायचे कागद संपले होते त्या आठवड्यात. ऑर्डर सेलिन आंटीने लेट टाकली.”

सेलिन ऑफिस सांभाळायची. हिशेब, कुरिअर, चहा, सगळ्यांचे वाढदिवस. तिच्या टेबलामागची भिंत म्हणजे नमुन्याच्या खोलीची भिंत. क्षितिजाने कागदांचं विचारताच ती भडकली.

“हां, लेट झाली. ईस्टरच्या गडबडीत राहून गेली. त्यासाठी फाशी देतेस काय?”

“आंटी, त्या दुपारी भिंतीतून काही आवाज आला का? कुणाचं बोलणं?”

सेलिनने पेन खाली ठेवलं. तिच्याकडे असं पाहिलं, जसं चर्चमध्ये सगळे उभे असताना खाली बसलेल्या माणसाकडे बघतात.

“बोलणं नाय आलं. घुर्र घुर्र आलं. रोज येते तसं.”

क्षितिजाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

“मी पण पोरं वाढवलीत, बाय. तो आवाज मला कळत नाय? उन्नतीला कळत नसेल, ती लहान हाय. दीपेशला कळला. एकदा येऊन मला बोलला, आंटी, मॅडम आत असतात तेव्हा कोन धडकायला नको. दुसऱ्या दिवसापासून मोबाईल घेऊन तिथं उभा. ॲसिडचं काम चाललंय म्हनून सांगायचा सगल्यांना.”

“तुम्ही सरांना का नाही सांगितलंत? त्याची पिशवी उघडली तेव्हा?”

“मी?” सेलिनने खुर्ची मागे सरकवली. “तो पोरगा तोंड दाबून उभा राहिला तुझ्यासाठी. तू पन उभी होतीस. आनि मी सांगू?”

४

उरली होती ती फक्त खोली.

तिने सवयीने कडी लावली आणि स्वतःचाच हात बघून शरमली. खल ओट्यावर होता, अकीक दगडाचा, गुळगुळीत, काचेसारखा. नुसत्या डोळ्यांनी त्यात काहीच दिसत नव्हतं. तिने खिडकीचा पडदा ओढला आणि निळसर अतिनील दिवा लावला. डाग शोधायला ठेवलेला होता तो. अंधारात आधी तिचा स्वतःचाच कोट उजळला, भुतासारखा. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक चमक घालतात. या दिव्याखाली ती निळी पेटते. कोट काढून तिने बाजूला ठेवला.

आणि मग खलाच्या ओठावर, जिथे बत्ता टेकवून ठेवतात तिथल्या खाचेत, एक बारीकसा धागा निळा चमकला.

धुतलेल्या कापडाचा धागा. तिने चिमट्याने तो उचलला. डोक्यात एकेक कडी आपोआप अडकत गेली. पावडरीत चमक घालतात. सोडा घालतात. आणि बोअरचं, टँकरचं जड पाणी मऊ व्हावं म्हणून कित्येक पावडरींत आणखी एक गोष्ट घालतात. ‘ए’ जातीचं झिओलाइट. शुद्ध. बिनमातीचं. सोडियमवालं. त्याचे दाणे अगदी सुबक घनाकृती असतात, हे परीक्षेत लिहून तिने पूर्ण गुण मिळवले होते.

कुठल्या कंपनीचा माणूस नाही, कट नाही. कुणीतरी नीट न खंगाळलेल्या फडक्याने खल पुसला होता. एवढंच. तिला हसू फुटलं. दीपेश सुटला!

तिने खोलीतला साधा दिवा लावला आणि धागा भिंगाखाली धरला.

धागा जांभळट होता. विटलेला, वांग्याच्या सालीला ऊन लागावं तसा.

सरोजिनीबाईंचं एक जुनं सुती पातळ होतं त्या रंगाचं. धुवून धुवून लोण्यासारखं मऊ झालेलं. बाळ होण्याआधी त्यांनी ते फाडून चौकोनी फडकी केली होती, दुपटी, लंगोट, तोंड पुसायला. एक फडकं क्षितिजा पंपासोबत रोज आणायची, सांडलेलं टिपायला. मध्ये एक हरवलं होतं आणि त्यावरूनही तिने सासूबाईंना ऐकवलं होतं.

तिला फार शोधावं लागलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात, झाकणाच्या काचेच्या बशीत, ते नीट घडी घालून ठेवलेलं होतं. शेजारी दीपेशच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘फक्त खलासाठी. ओरखडे पडत नाहीत.’

त्याला वाटलं होतं, मॅडमनी मुद्दाम आणलंय.

घरी गेल्यावर तिने सरळ विचारलं, “आई, बाळाची फडकी किती पाण्यातून काढता?”

सरोजिनीबाई ओशाळल्या. “खरं सांगू? एकाच. सोसायटीचा टँकर दिवसाआड येतो, पिंपात पाणी कुठे असतं? तुला सांगितलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस.”

क्षितिजाने बाळाची मान पाहिली. तेलाने नव्हतं आलेलं ते पुरळ. ती सासूबाईंजवळ खाली बसली. तिने त्यांच्या हातातली भाजी घेतली आणि निवडायला लागली.

५

कौस्तुभने फडकं झटकून निघालेली पूड बघितली आणि फोनवर एकच वाक्य म्हणाला, “तेच चौकोन, क्षितिजा, अगदी जुळे भाऊ.”

शुक्रवारी सकाळी ती सरांसमोर उभी राहिली. आधी तिने पुरावे सांगितले, कारण ते सोपे होते. सुया, माती नसणं, धागा, चमक, पाणी. सर मान डोलवत होते. त्यांच्यातला शिक्षक खूश झाला होता.

“सुरेख! आणि ते फडकं आलं कुठून?”

“माझं आहे सर. माझ्या बाळाचं.” पुढचं ती टेबलाच्या कडेकडे बघत बोलली. “दुपारी आत मी असायचे. दूध काढायला. बाळ वरच्या दुधावर नाही. मी खोटं बोलले होते. दीपेश मला कुणी त्रास देऊ नये म्हणून बाहेर उभा राहायचा.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या मुली परदेशात, नातवंडं फोनवर. आपण काय विचारलं होतं आणि तिने ते उत्तर का दिलं, हे हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उतरत गेलं.

“तुम्ही मला... म्हणजे मीच तसं विचारायला नको होतं,” ते म्हणाले. मग घाईघाईने, “हे बघा, हे सगळं कुणाला सांगायची गरज नाही. नमुना दूषित झाला, बस्स. पुण्याला तेच कळवतो, पुन्हा मोजणी करू. सुया पकडायला सांगा त्याला. दीपेशला मी फोन करतो, सोमवारपासून ये म्हणून. तुमची गोष्ट या खोलीतच राहील.”

क्षितिजाचा श्वास मोकळा झाला. इतका मोकळा, की तिला स्वतःचीच किळस आली.

जिन्यावर सेलिन भेटली. “काय ठरलं?”

“सोमवारपासून येतोय तो.”

“तो येनार नाय म्हनाला. मी आत्ताच फोन केला होता.”

६

दीपेशचं घर खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या शेवटी होतं. अंगणात जाळ्यांवर सुकट पसरलेली. क्षितिजा रिक्षातून उतरली तेव्हा त्याची आई, कमळी, सुकटीवरचे कावळे हाकलत होती. दीपेश ओसरीवर. मॅडमना बघून तो उठला, शर्टाची बटणं लावू लागला.

“या मॅडम. तुमी कशाला आलात एवढ्या लांब?”

“तू येणार नाहीस म्हणे.”

“बघू,” तो म्हणाला. “दुसरीकडं बघतोय.”

तिने सगळं सांगितलं, फडक्यापासून. आईसमोरच. तो ऐकताना दोनदा दुसरीकडे बघत राहिला. लंगोटाचं आलं तेव्हा त्याचे कान लाल झाले.

“आयला! म्हंजे खल मीच बिघडवला.”

“माझ्या फडक्याने. आणि तू बोलला असतास तर तेव्हाच सुटला असतास.”

“काय बोलनार? दारात ती पोरं उभी. त्यांच्यासमोर तुमचं कसं सांगनार? बाईमानसाची गोष्ट.” त्याने शर्टाचं शेवटचं बटण लावलं. “मला वाटलं, तुमी सांगाल.”

तो हे रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं.

कमळीने आतून पाणी आणलं. तिने सगळं ऐकलं होतं. आधी तिने क्षितिजालाच न्याहाळलं. “पोर किती महिन्याचं?”

“आठवा चाललाय.”

“दूध पुरते ना?”

“पुरतं.”

“मंग चांगलं. दूध चोरून काढू नये, बाय, आटते.” ती शेजारी टेकली. बराच वेळ पदराने हात पुसत राहिली. “सायेबांचा फोन आलता. ये म्हनाले, झालं ते इसर. पन माझ्या पोराची पिशवी चार मानसांत उघडली. बादलीच्या कारखान्यातली पोरं गावातलीच हायत. बाजारात मला इचारतात, तुझा पोरगा गोल्या चोरताना गावला का? सुकटीला चोरीच्या गोल्या लावते का?”

“मी सरांना सगळं सांगितलंय, आई.”

“सायेबांना सांगितलं, बरं केलं. पन ती पिशवी फोनवर बंद व्हनार नाय. चार मानसांत उघडली, चार मानसांतच बंद करायला पायजे.”

दीपेश म्हणाला, “आई, जाऊ दे.”

“तू गप रे. तू गप बसलास म्हनून तं झालं.”

क्षितिजाने पाण्याचा पेला हातात धरून ठेवला. तिला कळलं की आल्यापासून तिने आपल्या मनात एकच गोष्ट मोजली होती, किती कमी लोकांना कळलं तर चालेल. सर, सेलिन, आता हे दोघे. आणि समोर बसलेली बाई बरोबर उलटं मोजत होती.

“सोमवारी तू ये,” ती दीपेशला म्हणाली. “कामाला नको येऊस. नुसता ये.”

७

सोमवारी तिने सरांना न विचारताच शेजारच्या कारखान्यात निरोप धाडला होता. दीपेशच्या पिशवीच्या वेळी जे दारात होते ते आले, आणि जे नव्हते तेही आले. फुकटची मजा कोण सोडतो? उन्नती भिंतीला टेकून उभी. सर अस्वस्थ, खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत. दीपेश अगदी मागे, दाराशी, पळून जाता येईल असा. कमळी आली नव्हती. तिने मुलाला इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं होतं.

“नमुन्याचं काय झालं ते सांगायचंय,” क्षितिजाने सुरुवात केली. तिने पडद्यावर कौस्तुभचं चित्र लावलं. चौकोन दाखवले, कडेच्या सुया दाखवल्या. गोळ्यांत माती असते आणि इथे माती नाही, म्हणून त्या पुडीचा यात काही संबंध नाही, हे सांगितलं. त्या गोळ्या टाकाऊ होत्या, हेही. आतापर्यंत तिचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा खणखणीत होता.

“मग भानगड कुणाची?” बादलीवाल्यांतला एकजण म्हणाला. “आत कोन होता?”

सर अर्धवट उठले. “नमुना दूषित झाला होता. तांत्रिक बाब आहे. मला वाटतं, एवढं पुरे...”

“सर, थांबा,” ती म्हणाली.

तिने समोर पाहिलं. पुरुषांचे चेहरे, ओळखीचे, अनोळखी. एकाच्या ओठांवर आधीच हसू तयार होतं. तिची छाती नेमकी आत्ताच भरून आली होती आणि आज हातात फाइल नव्हती.

“आत मी होते,” ती म्हणाली. “बाळासाठी दूध काढत होते. ते फडकं माझं. दीपेश माझी लाज राखायला गप्प राहिला, आणि मीही गप्प राहिले. त्याची झडती झाली तेव्हा मी इथेच उभी होते.”

 पलीकडच्या कारखान्यात साचा धाडकन मिटला, उघडला, पुन्हा मिटला. तिचा आवाज त्या धडधडीत बुडाला होता. पुढचे दोघे तिच्याकडे बघत होते, मागचे एकमेकांना विचारत होते, काय म्हनली, काय म्हनली?

सेलिन टेबलामागून उठली. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती.

“मोठ्यानं बोल, बाय,” ती म्हणाली. “मागे ऐकू नाय गेलं.”

क्षितिजाने दाराकडे पाहिलं. दीपेशने पहिल्यांदाच मान वर केली होती.

ती ते सगळं पुन्हा म्हणाली, अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असं.